एकतीस नंबरची कॅसेट

आई,

ताईने माझ्याकडे तुझ्याबद्दल दोन पानं मागितली आहेत. ताई म्हणजे तुझी लाडकी विद्यार्थिनी, आता जर्मनीतल्या येनाच्या विद्यापीठात बांटू भाषांची मोठी अभ्यासक. टांझानियातल्या त्या डोंगरावरच्या गावात तू ऐंशीच्या दशकात जे आवाज कॅसेटवर घेऊन ठेवलेस, ते ती आता कॉम्प्युटरवर चढवून सगळ्यांसाठी खुले करणार आहे, आणि त्याच्या सुरुवातीला तिला मुलीने आईविषयी लिहिलेलं काहीतरी हवंय. ‘अगं, साधंच लिही, घरात बाई कशा होत्या ते.’ घरात बाई! घरात होतीस कधी तू? आठवडाभर कागद घेऊन बसतेय, आणि ‘माझी आई’ एवढं लिहिलं की पुढच्या ओळीत भांडणच सुरू होतं. शेवटी म्हटलं, भांडायचंच तर थेट तुझ्याशी भांडावं. तुला जाऊन वीस वर्षं झाली, आता काही तू मला मधेच तोडणार नाहीस.

तर आधी मुद्द्याचं सांगून टाकते. मी ताईवर जळते. डोक्यावर पांढरे केस आले, मला स्वतःला मुलगी झाली, तरी जळते. आपल्या पुण्याच्या स्वयंपाकघरात मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून. मी अकरा वर्षांची आहे, शाळेतून आलेय, भुकेने कळवळतेय. टेबलावर तू टोमॅटो, कढीलिंबाची डहाळी, पळी, खलबत्ता असं सगळं मांडलंयस, आणि समोर एक दोन वेण्यांची कॉलेजातली मुलगी बसलीय, माझ्या ताटलीत माझं थालीपीठ खात. तू तिला सांगतेयस, आपल्या भाषेत शब्दांची घरं तीन, तो, ती आणि ते. तिकडे पंधरा-सोळा. माणसांचं घर वेगळं, झाडांचं वेगळं, फळांचं वेगळं, भांड्याकुंड्यांचं वेगळं. टोमॅटो उचलून इकडे ठेवतेस, कढीलिंब तिकडे, पळी तिसरीकडे. मी दारात दप्तर घेऊन उभी. तू माझ्याकडे बघतेस आणि तिला म्हणतेस, “आणि ही माणसांत.” ती खळखळून हसते. उपकारच झाले म्हणायचे, निदान खलबत्त्यात नाही घातलंस! मग म्हणालीस, “ही ताई. तुझं थालीपीठ तू लावून घे गं, आम्ही जरा कामात आहोत.” मी लावलं. करपलं. कुणी बघितलंही नाही.

तुझ्या कामाचं कौतुक लोकांना होतं तसं मला कधी वाटलंच नाही, खरं सांगते. गोष्ट मात्र मला पाठ आहे. तू शिष्यवृत्तीवर जर्मनीत, मी आता राहते त्याच देशात, जर्मन शिकायला आलीस, इथे एका म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या भलत्याच तासाला जाऊन बसलीस, ते बांटू भाषा शिकवत होते, आणि तास संपेपर्यंत तुझं ठरलंसुद्धा. बाबा चेष्टा करायचे, “काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपल्याकडे दर बारा कोसांवर बोली बदलते, आणि ही निघाली आफ्रिकेत.” पुण्यात तू नोकरी करायचीस त्या संस्थेतल्या लोकांनीही तुला तेच ऐकवलं, फक्त चेष्टेत नाही. तुला बढती मिळाली नाही, वर पश्चिमेकडची खोली मिळाली, आणि त्या खोलीत बुटांच्या खोक्यांतून तुझी कार्डं. एका शब्दाला एक कार्ड. शब्द कुणी सांगितला, कुठे सांगितला, तेव्हा ती बाई काय करत होती, सगळं तुझ्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात. सुट्टीत मी तिथे यायचे, कार्डं लावायला मागायचे. “नको, क्रम चुकेल,” म्हणायचीस. ताईने लावली ती चालली. तिचा कसा गं क्रम चुकत नव्हता?

मी सात वर्षांची असल्यापासून दर वर्षी चार महिने तू जायचीस. मी आत्याकडे. आत्या चांगलीच होती, वरणभातावर तूप जास्तच वाढायची, पण शेजारणींना सांगायची, “हिची आई परदेशी असते,” आणि त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मला ते तूप गिळायचं नाही. परत येताना तू लाकडी जिराफ आणायचीस. पहिल्या वर्षी जिराफ, दुसऱ्या वर्षी जिराफ, तिसऱ्या वर्षीही जिराफच. तिन्ही एकाच मापाचे, विमानतळावरच्या एकाच दुकानातले. गावातल्या प्रत्येक शब्दाचं वेगळं कार्ड करणारी बाई, तिला मुलीसाठी आधी काय नेलं होतं ते आठवत नव्हतं. आणि मी नऊ वर्षांची असताना तुझ्या रेकॉर्डरवर खेळले तो दिवस. तू आंघोळीला गेली होतीस. मी दोन्ही बटणं एकदम दाबली आणि शाळेतलं झेंडागीत म्हटलं, छान म्हटलं, तुला ऐकवायचं म्हणून. आत होती तुझी कॅसेट. तू बाहेर आलीस, ओल्या केसांनी, ऐकलंस, आणि तुझा चेहरा पांढरा पडला. मारलं नाहीस. म्हणालीस, “तो म्हातारा गेला माझा. त्याचा आवाज आता परत मिळणार नाही. तू काय, रोज मिळतेस.”

रोज कुठे मिळत होते गं मी? चार महिने तर नव्हतेच. आणि माझं झेंडागीतही तू पुसून टाकलंस. त्याखाली म्हाताऱ्याचा आवाज उरला असेल तर सापडेल, अशी तुझी वेडी आशा. इंजिनिअर म्हणून आज सांगते, नाही सापडत. मला तेव्हा कळलं की तुझ्या दुनियेत माणसाला किंमत यायला ते मरावं तरी लागतं, नाहीतर त्याची भाषा तरी मरायला टेकावी लागते. आपली मराठी ठणठणीत. मग मी काय करणार?

मी मेकॅनिकल घेतलं. तू म्हणालीस, “बघ बाई, तुझी आवड.” आणि त्याच वर्षी तुझा तो रेकॉर्डर आणि हेडफोन तू ताईला देऊन टाकलेस, ती पहिल्यांदा तिकडे निघाली म्हणून. मला विचारलंही नाहीस. मला तो नको होता, मी घेतलाही नसता, पण विचारायला काय जात होतं? पुढे तू गेलीस, तुझा शब्दकोश अर्धा राहिला, तो तिने पुरा केला. मुखपृष्ठावर तुझं नाव आणि तिचं नाव, शेजारी शेजारी. मी ते पुस्तक इथल्या विद्यापीठाच्या वाचनालयात पाहिलं. आडनावं वेगळी असूनही मायलेकीच वाटतात. मी ते उलटं करून कपाटात ठेवलं आणि बाहेर आले. केवढा हा पोरकटपणा! पण ठेवलं खरं.

हॅनोव्हरला आम्ही २०११ साली आलो. बाबाही तोवर गेले होते, पुण्याचा फ्लॅट मीच आवरला, आणि तुझी पत्र्याची पेटी सामानाबरोबर जहाजाने इकडे आली. आत चाळीस कॅसेट, नंबर घातलेल्या. इथे मी गिअरबॉक्सच्या आवाजाची तपासणी करते. दात नीट बसतोय का, बेअरिंग कुरकुरतंय का, ते कानाने आणि यंत्राने ऐकायचं. बघ, शेवटी आवाजाच्याच धंद्यात पडले, पण तुझ्या दृष्टीने ते काही आवाज नव्हेत. आल्यानंतर वर्षभरातच ताईचा फोन आला. “तुझ्याकडे बाईंच्या कॅसेट आहेत का गं? जगात दुसरी प्रत नाही. त्यातल्या बीबीचा आवाज मला पाहिजेच.” बीबी म्हणजे तिकडे आजी, मोठ्या बाईला मानाने म्हणतात. तुला निम्मे शब्द जिने दिले ती. तिचा एकही फोटो नाही. तिच्या मुलीने ताईला सांगितलं होतं, मला आईचा आवाज एकदा ऐकायचाय, मी मरायच्या आत आण. हे सगळं ऐकूनसुद्धा मी म्हटलं, “पुण्यातच राहिल्या वाटतं. शोधायला सांगते.” पेटी तेव्हा खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात होती, सायकलींच्या मागे.

चार वर्षं मी ‘शोधायला सांगत’ होते. दर दिवाळीला ताईचा फोन, दर दिवाळीला माझं तेच. गेल्या वसंतात ती एका कामासाठी हॅनोव्हरला आली आणि आमच्याकडे जेवायला. तुझा जावई, तू पाहिला नाहीस, सोन्यासारखा माणूस आहे, पण पोटात काही राहत नाही. ताईने विषय काढला आणि हा आमटी वाढता वाढता म्हणतो, “हो, हो, ती पत्र्याची पेटी ना? अगं, खाली केलरमध्येच तर आहे! मीच हलवली होती, केवढी जड!” माझ्या हातातला डाव तसाच राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिने बोलावंच, चार वर्षांचं एकदम बोलावं, म्हणजे मलाही बोलता येईल. ती एवढंच म्हणाली, “केलर कोरडं आहे ना?”

अशी ती. तुझीच घडवलेली. वर म्हणाली, “तुझ्याकडे यंत्रं आहेत, कान आहे, तूच उतरवून दे ना. माझ्यापेक्षा चांगलं करशील.” मला शरमेने नाही म्हणता येईना. मी एक आठवडा उरलाउब, म्हणजे रजा घेतली. नवरा ऑफिसला, लेक शाळेला, आणि मी सकाळी नऊपासून जेवणाच्या टेबलावर तुझ्याबरोबर. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला तू इंग्रजीत सांगतेस, तारीख, गाव, बोलणारीचं नाव, आणि शेवटी हजर कोण कोण. तुझा नेम. मग भाषा बदलते आणि मला एक अक्षर कळत नाही. पण हसू कळतं. आई, तू इतकी हसायचीस? बीबी काहीतरी म्हणते आणि तू पोट धरून हसतेस, श्वास अडकेपर्यंत. आपल्या घरात मी ते हसणं कधी ऐकलं नाही. लेक शाळेतून आली, दारातच थांबली आणि तिने जर्मनमध्ये विचारलं, कोण हसतंय? मी म्हटलं, तुझी आजी. ती म्हणाली, “एख्त? खरंच? छान हसते.” मला तिचासुद्धा राग आला.

आणि मागे एक पोर. जवळजवळ प्रत्येक कॅसेटवर. ‘हजर: बोलणारीची मुलगी.’ बीबीचीच. वय तू सांगतेस, बरोबर तेव्हाच्या माझ्याएवढं. ती मधेमधे खिदळते, तू तिला दटावतेस, पण कसं दटावतेस! तो दटावण्याचा आवाजच नाही. एकदा ती रेकॉर्डरशी खेळली असावी, खाड खाड आवाज येतो, आणि तू नुसती हसतेस. मी टेबलावरून उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. ताईचं काय घेऊन बसलेय मी, असं झालं. ताईने माझं थालीपीठ खाल्लं. हिने तर माझे चार चार महिने खाल्ले, स्वतःची आई हाताशी असताना.

दुसऱ्या दिवशी ते नाव ऐकू आलं. माझं नाव. आधी वाटलं, मनाचे खेळ. मागे नेलं, पुन्हा लावलं. बीबीच्या तोंडून, ‘मामा’ आणि पुढे माझं नाव. पुढच्या कॅसेटवर दुसऱ्या बाईच्या तोंडून तेच. मग त्या पोरीच्या तोंडून. मग कुणी लांबून हाक मारतंय तेही तेच. मी ताईला फोन लावला आणि जवळजवळ ओरडलेच, “ह्या बायका माझं नाव का घेताहेत?” ती मग म्हणाली, “तुला माहीत नाही? अगं, मामा म्हणजे आई. तिकडे बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. बाईंचं स्वतःचं नाव गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या तुझ्या नावाची आई, बस्स. मी पहिल्यांदा गेले तर आख्खं गाव मला विचारत होतं, ती पोरगी केवढी झाली? आणि मला मूल नाही, मग मला काय म्हणायचं? मला तुझ्या नावाची ताई ठरवून टाकलं. वीस वर्षं तुझ्याच नावावर तिकडे राहतेय मी. कधी कधी वाटायचं, ह्या मुलीने काहीच न करता हे सगळं मिळवलं.” हसत म्हणाली, पण मी ओळखलं. मत्सराचा आवाज मला लांबूनही ऐकू येतो. आई, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तिच्याही पोटात दुखत होतं.

त्या दिवशी हे पत्र लिहिलं असतं तर ते गोड झालं असतं. तेच पाठवता आलं असतं तिला. पण अजून बऱ्याच कॅसेट राहिल्या होत्या.

एकतीस नंबरवर तू तारीख सांगतेस. ती तारीख मला माहीत आहे, कारण त्या आठवड्यात मला गोवर होता. आत्याकडे अंधाऱ्या खोलीत मी दहा दिवस तापाने फणफणत होते. बाबांनी तुला तार केली होती. तू आली नाहीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, आणि माफही केलं नाही. कॅसेटवर तू म्हणतेस, “हजर: बोलणारीची मुलगी, वय दहा,” आणि नेहमीसारखा प्रश्न विचारतेस. बीबी उत्तर देत नाही. ती तुला हाक मारते, माझ्या नावाने, हळू, आणि काहीतरी विचारते. ती पुन्हा विचारते. मग तुझा श्वास बदलतो आणि तू रडायला लागतेस. हुंदके देऊन. मी तुला बाबांशी भांडताना पाहिलंय, आजारपणात विव्हळताना पाहिलंय, रडताना कधी नाही. बीबी तुझ्या पाठीवर थोपटतेय, ते थप थप ऐकू येतं. मग तिचं बोलणं, लांब, एका लयीत, मधेमधे माझं नाव. मग ती पोर जवळ येऊन काहीतरी म्हणते आणि तू रडतारडता तिला उत्तर देतेस. टेपचा एक इंचही वाया न घालवणारी तू, पण ते बटण तू बंद केलं नाहीस. बाजू संपेपर्यंत चालू आहे.

काय विचारलं तिने? तू काय म्हणालीस? मी ती सात वेळा ऐकली. मला गिअरचा दात किती झिजलाय ते आवाजावरून सांगता येतं, आणि माझी आई माझ्या नावाने का रडतेय ते कळत नाही. जगात हे मला सांगू शकेल अशी एकच बाई ओळखीची आहे. ती ऐकेल, ओळीला नंबर घालेल, खाली अर्थ लिहील, आणि जिथे तुझे हुंदके आहेत तिथे कंसात ‘रडते’ असं नीट नोंदवेल. मग ते सगळ्यांना खुलं होईल. आणि माझ्यासाठी तू रडलीस तेसुद्धा दुसऱ्याच मुलीच्या आईच्या कुशीत, त्या मुलीच्या समोर. ती मुलगी तिकडे अजून वाट बघतेय. तिला तिच्या आईचा आवाज हवाय, आणि ह्या कॅसेटवर बीबी जितकी सलग बोलते तितकी दुसऱ्या कुठल्याच नाही. हे मला कळत नाही असं नाही.

ताई पेटी न्यायला आली तेव्हा मी उतरवलेल्या सगळ्या फाइली दिल्या, पेटीही दिली. ती जमिनीवर बसून यादीशी नंबर ताडून बघत होती. तिसाच्या पुढे बत्तीस. “एकतीस?” मी म्हटलं, “बुरशी लागली होती गं. टेप चिकटून तुटली. टाकून दिली.” ती त्या रिकाम्या खाचेवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, “असू दे. जे हाती लागलं ते थोडं नाही.” दारात बूट घालताना मात्र थांबली. “बाईंनी त्या एकतीसबद्दल मला सांगितलं होतं. म्हणाल्या होत्या, ती तू ऐकू नकोस, ती घरची आहे. मला वाटलं होतं, तूच ऐकशील आणि मला काय ते विचारशील.” मी दार उघडून धरलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ट्रामकडे गेली.

तिला दोन पानं मी वेगळी लिहून देईन. जिराफ घालीन, टोमॅटो आणि कढीलिंब घालीन, लोकांना असलं आवडतं. हे पत्र काही मी तिला देणार नाही. काल तिचा मेसेज आला होता, बीबीच्या मुलीने पुन्हा विचारलंय, आईचं अजून काही सापडलं का. मी उत्तर पाठवलं, नाही गं, सॉरी, तेवढंच होतं.

आई, त्या कॅसेटला बुरशीबिरशी काही लागलेली नाही. दोघींचेही आवाज अगदी स्वच्छ येतात.